जुनी ब्रिटिश स्मारक-मेडल्स जमवायची तर सुरुवात कुठून करावी?

गवतीचहा
नमस्कार मंडळी. आम्ही लेस्टरला राहतो. इथे रविवारी कार बूट सेल भरतो, लोक गाडीच्या डिकीतून घरातलं जुनंपानं विकतात. तिथे कपबशा बघता बघता मला मेडल्सचा नाद लागलाय. सैनिक छातीवर लावतात ती नव्हेत, तर राज्याभिषेक, नवीन पूल, जिंकलेली लढाई, राणीची पन्नास वर्षं अशा कुठल्यातरी निमित्ताने काढलेली, बिनरिबनची, तळहातावर ठेवून बघायची. आत्तापर्यंत जे आवडलं ते उचललं, आता मात्र एका ड्रॉवरमध्ये सगळा गोंधळ झालाय आणि कुठेतरी शिस्त लावावी असं वाटतंय.

तर प्रश्न असे. एक म्हणजे आठव्या एडवर्डचं राज्याभिषेकाचं मेडल मिळतंय, त्यावर तारीख १२ मे १९३७. आता हा राजा तर गादी सोडून गेला, त्याचा राज्याभिषेक झालाच नाही, म्हणजे हे दुर्मिळ असणार ना? विकणारे आजोबा तर "व्हेरी रेअर" म्हणून दहादा सांगत होते. दुसरं म्हणजे विषय कसा निवडायचा? राजा धरून, कारागीर धरून, की एखादी घटना धरून? बजेट फार नाही. जाणकारांनी सांगावं.

पारिजातक
वाचतेय. पहिल्या रांगेत रुमाल टाकून ठेवला आहे.

नाणेघाट
आधी एडवर्डचं सांगतो. ते मेडल दुर्मिळ नाही, अजिबात नाही. गणित सोपं आहे. तो जानेवारी १९३६ मध्ये गादीवर आला, राज्याभिषेकाची तारीख ठरली १२ मे १९३७, आणि त्याने गादी सोडली ११ डिसेंबर १९३६ ला. म्हणजे बर्मिंगहॅमच्या कारखान्यांना माल काढायला चिकार वेळ मिळाला होता. मग्ज, डबे, बिल्ले, मेडल्स सगळं तयार होऊन बसलं होतं. गादी सोडल्याची बातमी आल्यावर लोकांनी तेच 'आठवण' म्हणून घेतलं आणि जपून ठेवलं. त्याचा भाऊ सहावा जॉर्ज याचा राज्याभिषेक त्याच १२ मेला झाला, म्हणजे तारीखसुद्धा वाया गेली नाही, नुसता चेहरा बदलला. साधं पितळी किंवा ब्राँझचं असेल तर काही पौंडांच्या वर देऊ नका. चांदीचं असेल, मूळ डबीत असेल, तर गोष्ट वेगळी. दुर्मिळ आहेत ती त्याच्या चेहऱ्याची नाणी, मेडल्स नव्हेत, आणि लोक या दोन्हींची गल्लत करतात.

विषयाबद्दल सावकाश लिहितो, आत्ता ऑफिसात आहे.

बोरकूट
नाणं आणि मेडल यात नक्की फरक काय? दोन्ही गोलच की.

टांकसाळ
@बोरकूट, नाण्यावर किंमत असते आणि ते चालवायला सरकार बांधील असतं. मेडलला किंमत नसते आणि ते कुणीही काढू शकतं, हा महत्त्वाचा मुद्दा. इंग्लंडमध्ये राज्याभिषेकाची अधिकृत मेडल्स सरकारी टांकसाळ म्हणजे रॉयल मिंट काढायचीच, पण तिच्या बाहेर खाजगी कारागीर आणि व्यापारी धंदा म्हणून शेकडो प्रकारची काढायचे. बातमी गरम आहे तोवर विकायची. त्यामुळे नाण्यावर फक्त राजा दिसतो, पण मेडलवर बंडखोर, पुढारी, धर्मगुरू, बोगदा बांधणारा इंजिनियर, धान्याचे कायदे रद्द करायला लावणारे कॉब्डेन आणि ब्राइट, सगळे दिसतात. १८४३ ला थेम्स नदीखालचा बोगदा उघडला तेव्हा बोगद्याच्या आतच दुकानं होती आणि तिथे तो बांधणाऱ्या ब्रुनेलच्या चेहऱ्याची मेडल्स विकायला होती. खाली बोगद्यात उभं राहून बोगद्याचंच मेडल विकत घ्यायचं, काय मजा आली असेल लोकांना!

आणि मेडलचा आकार मोठा, उठाव जास्त, त्यामुळे कारागिराला हात मोकळा. दुसऱ्या चार्ल्सच्या वेळचा जॉन रोटिअर्स घ्या. १६६७ च्या ब्रेडा तहाच्या मेडलवर त्याने जी ब्रिटानिया (ब्रिटनचं स्त्रीरूप) बसवली तिचा चेहरा दरबारातल्या फ्रान्सिस स्टुअर्ट या सुंदरीवरून घेतलेला, हे तेव्हा लंडनमध्ये सगळ्यांना माहीत होतं.

रानवारा
मस्त धागा, वाचनखूण साठवली. मला वाटायचं मेडल म्हणजे शाळेत धावण्याच्या शर्यतीत मिळतं तेच.

देवरुखकर
माझं मत थोडं वेगळं आहे, राग मानू नका. सौंदर्य वगैरे ठीक, पण ही साम्राज्याची जाहिरातबाजी आहे. श्रीरंगपट्टणचं १७९९ चं मेडल बघा. कंपनी सरकारने काढलेलं. त्यावर सिंह वाघाला खाली पाडून त्याच्यावर चढलाय. वाघ म्हणजे टिपू, सिंह म्हणजे इंग्रज. आपण ते पैसे देऊन विकत घ्यायचं आणि मखमलीत ठेवायचं? मला नाही पटत. संग्रहालयात असू दे, शेजारी माहिती लिहून, पण घरात हौस म्हणून?

गवतीचहा
@नाणेघाट, धन्यवाद, पैसे वाचवलेत. @देवरुखकर, तुमचा मुद्दा मलाही अधूनमधून टोचतो, खरंच. इतरांचं काय मत?

नाणेघाट
देवरुखकर, जाहिरातबाजी आहे हे शंभर टक्के मान्य, आणि म्हणूनच मी जमवतो. शत्रू स्वतःला कसा बघत होता हे त्याच्याच हातच्या धातूत मिळतं, तेही तारखेसकट. श्रीरंगपट्टणचंच घ्या. तो कुश्लर नावाचा जर्मन कारागीर, मेडल ठोकलं बर्मिंगहॅमला मॅथ्यू बोल्टनच्या सोहो टांकसाळीत, वाफेच्या यंत्रावर. झेंड्यावर अरबी अक्षरं, मागच्या बाजूला किल्ल्यावरचा हल्ला आणि खाली फारसी मजकूर. का? कारण ते हिंदी सैनिकांनाही वाटायचं होतं आणि राज्यकारभाराची भाषा अजून फारसीच होती. वरच्या अधिकाऱ्यांना सोन्याचं, मग चांदीवर मुलामा दिलेलं, मग चांदीचं, मग ब्राँझचं आणि साध्या शिपायाला कथलाचं. एकच लढाई, एकच चित्र, धातू मात्र पायरीप्रमाणे. कंपनीच्या सैन्याची रचना पुस्तक न उघडता कळते.

त्याच कुश्लरचं आधीचं एक मेडल आहे, १७९२ मध्ये टिपूची दोन मुलं कॉर्नवॉलिसकडे ओलीस दिली त्या प्रसंगाचं. एका बाजूला कॉर्नवॉलिस, दुसऱ्या बाजूला मुलांना स्वीकारतोय. आता त्या मोहिमेत हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन मराठ्यांचं सैन्य घेऊन इंग्रजांच्या बाजूने होते, निजामाची फौज होती. मेडलवर यातलं कुणीही नाही. कॉर्नवॉलिस एकटाच जिंकलाय. मला ही गाळलेली जागा दाखवायला ते मेडल हवं असतं. पुण्यातल्या शाळांमध्ये मुलांना दाखवतो तेव्हा मुलं लगेच विचारतात, "मग आपले कुठे आहेत?"

संपादक
टिपू या विषयावर स्वतंत्र धागे आहेत. कृपया इथे मेडल्सपुरतं बोलावं.

देवरुखकर
नाणेघाट, शाळेचं ऐकून बरं वाटलं. घरातल्या शोकेससाठी माझं मत तेच राहील, पण शिकवायला वापरत असाल तर मी विरोध मागे घेतो. अवांतर: मराठ्यांशी झालेल्या लढायांची मेडल्स निघाली होती का?

टांकसाळ
निघाली, पण ती लष्करी, म्हणजे या धाग्याच्या कुंपणाबाहेरची. पहिल्या इंग्रज-मराठा युद्धासाठी कंपनीने डेक्कन मेडल काढलं, १७७८ ते ८४ च्या पश्चिम हिंदुस्थान आणि गुजरातमधल्या मोहिमांसाठी, बंगालच्या फौजेतल्या हिंदी शिपायांना. कंपनीचं हे पहिलं मोहिमेचं मेडल मानतात. आणि आर्मी ऑफ इंडिया मेडल तर १८५१ मध्ये, लढाया होऊन जमाना उलटल्यावर आलं. त्यावरच्या लढायांच्या नावांच्या पट्ट्या वाचल्या तर आपला नकाशाच आहे: असई, अडगाव, गाविलगड, अशिरगड, खडकी, पुणे, सीताबर्डी, नागपूर, महिदपूर, कोरेगाव. फक्त तोवर जिवंत असलेल्यांनाच मिळालं, त्यामुळे किमती आपल्या आवाक्याबाहेर आणि नकलीही तितक्याच. गवतीचहा ताईंनी त्या वाटेला जाऊ नये, निदान सुरुवातीला तरी.

बोरकूट
नकली कशी ओळखायची ते सांगा ना. मला चोरबाजारात एकाने चांदीचं म्हणून दिलंय, वजन हलकं लागतंय.

टांकसाळ
@बोरकूट, कुठल्या साली काढलंय? व्हिक्टोरियाचं १८९७ चं असेल आणि फारच हलकं लागत असेल तर अ‍ॅल्युमिनियम असण्याची शक्यता मोठी. १८८० च्या दशकाच्या शेवटी अ‍ॅल्युमिनियम काढायची स्वस्त पद्धत आली, आणि तोवर जो धातू मौल्यवान होता तो एकदम सगळ्यांच्या हातात आला. १८८७ च्या जुबिलीची स्वस्त मेडल्स बहुतेक व्हाइट मेटलची म्हणजे कथलाच्या मिश्रणाची, आणि दहा वर्षांनी अ‍ॅल्युमिनियमची सापडतात.

व्हाइट मेटलबद्दल जरा सविस्तर लिहितो कारण नव्या माणसाची सगळ्यात जास्त फसगत इथेच होते. नवं असताना ते चांदीसारखं चकाकतं. चांदी काळी पडते ती निळसर-तपकिरी झाक घेऊन, व्हाइट मेटल मात्र राखाडी, मळकट होतं. मऊ असतं, त्यामुळे उंच भागावर, म्हणजे राणीच्या गालावर आणि केसांवर घासल्याच्या खुणा आणि कडेला ठेचा असतात. 'ब्राँझ' म्हणून जे विकतात ते एकोणिसाव्या शतकात बऱ्याचदा तांबं असतं आणि वरून रसायनाने तपकिरी रंग चढवलेला असतो. तो रंग म्हणजेच मेडलचं कातडं. चुकूनही पॉलिश लावायचं नाही, एकदा घासलं की तांबूस भांडं हातात राहतं आणि किंमत निम्म्याहून खाली.

नकलींत दोन मोठे प्रकार. ओतीव नक्कल: साचा घेऊन ओतली की थंड होताना धातू आकसतो, म्हणून व्यास मूळापेक्षा थोडा कमी भरतो, अक्षरांच्या कडा गुळगुळीत आणि सपाट भागावर बारीक खड्डे. श्रीरंगपट्टणच्या अशा नकला पोत्याने आहेत. म्हणून एक व्हर्नियर कॅलिपर आणि छोटा वजनकाटा घ्याच. दुसरा प्रकार इलेक्ट्रोटाइप: विजेच्या साहाय्याने दोन्ही बाजूंची पातळ कवचं बनवून जोडलेली. तपशील अगदी मूळाइतका बारीक असतो, पण कडेवर फिरती सांध्याची रेघ दिसते आणि टिचकी मारली तर आवाज ठस्स येतो. यातल्या सगळ्याच फसवणुकीसाठी केलेल्या नाहीत बरं का, ब्रिटिश म्युझियमसाठी रॉबर्ट रेडी नावाच्या माणसाने अभ्यासकांना देण्यासाठी अशा प्रती रीतसर बनवल्या, काहींच्या कडेवर आर-आर किंवा एम-बी असं ठोकलेलं असतं. त्या स्वस्तात मिळाल्या तर मी आनंदाने घेतो, मूळ मेडल परवडणारच नाही तिथे दुधाची तहान ताकावर.

पारिजातक
टांकसाळदादा, हे सगळं एका लेखात लिहा ना वेगळं. इथे प्रतिसादात पुरून जाईल.

सह्याद्रीपुत्र
मला एक कळत नाही, इतक्या लोकांनी इतकी मेडल्स काढली तर कुठलं कुठलं आहे हे कळतं कसं? लॅटिनमध्ये लिहिलेलं असतं, राजे सगळे जॉर्ज.

नाणेघाट
क्रमांकांवरून. १७६० ते १९६० मधली मेडल्स लॉरेन्स ब्राऊनच्या तीन खंडांत आहेत, त्याचे नंबर बीएचएम म्हणून देतात. आयमरचं एकखंडी सूचीपुस्तक आहे, त्यात त्याच्याही आधीची आहेत आणि किमतीचा अंदाजही. लिलावाच्या यादीत हे दोन नंबर असतातच. ते घेऊन शोधलं की फोटो, व्यास, धातू सगळं मिळतं. सूची आधी, मेडल नंतर, एवढं पाळलं तर पैसा वाचतो. आणि लिलावात हातोडा पडतो ती किंमत शेवटची नसते, वर कमिशन, भारतात मागवलंत तर कस्टम. हे धरून बोली लावा.

आता विषय. गवतीचहा, तुम्ही आठव्या एडवर्डवरून सुरुवात केलीत त्यावरून मला एक सुचतंय. 'जे घडलंच नाही' हा विषय घ्या. हसू नका, मी मनापासून सांगतोय. मेडल बातमीच्या आधी निघालं की असं होतं, आणि यातली बरीचशी स्वस्त आहेत.

अ‍ॅडमिरल व्हर्नन घ्या. १७३९ च्या नोव्हेंबरात त्याने फक्त सहा जहाजं घेऊन पनामाच्या किनाऱ्यावरचं स्पेनचं पोर्तो बेलो घेतलं. इंग्लंड वेडं झालं. पितळेची, पिंचबेक नावाच्या सोन्यासारख्या दिसणाऱ्या मिश्रधातूची, कितीतरी वेगवेगळ्या ठशांची मेडल्स निघाली. मग १७४१ मध्ये तो कार्टाजेनावर (आजच्या कोलंबियातलं तेव्हाचं स्पेनचं बंदर) गेला. सुरुवातीच्या विजयाच्या बातम्या लंडनला पोचल्या आणि लगेच मेडल्स: स्पॅनिश सेनानी डॉन ब्लास दे लेसो गुडघ्यावर बसून व्हर्ननला शरण येतोय. प्रत्यक्षात काय झालं? कार्टाजेना पडलंच नाही. पिवळ्या तापाने आणि लढाईत इंग्रजांची हजारो माणसं गेली आणि आरमार परत फिरलं. ज्या ब्लासला गुडघे टेकायला लावले त्याचा एक पाय आधीच्याच लढाईत गेला होता, एक डोळा गेला होता, एक हात निकामी होता. हा माणूस शरण आला नाही, आणि त्याच वर्षी तिथेच वारला. ते मेडल हातात घेतलं की मला त्या ब्लासबद्दल इतका आदर वाटतो, की काय सांगू. खोटं मेडल, पण त्याच्यामुळेच मी त्याच्याबद्दल वाचलं.

रानवारा
बाप रे. हे माहीतच नव्हतं.

सह्याद्रीपुत्र
अवांतर: जॉर्ज वॉशिंग्टनचा सावत्र भाऊ लॉरेन्स त्या मोहिमेत व्हर्ननच्या हाताखाली होता, म्हणूनच वॉशिंग्टनच्या घराचं नाव माउंट व्हर्नन. मेडलपासून अमेरिकेपर्यंत पोचलो.

टांकसाळ
नाणेघाट, विषय एक नंबर. माझी भर. १९०२: सातव्या एडवर्डचा राज्याभिषेक २६ जूनला होता. दोन दिवस आधी पोटाचं ऑपरेशन करावं लागलं, अपेंडिक्सचं दुखणं, आणि समारंभ ९ ऑगस्टवर गेला. त्यामुळे गावोगावच्या नगरपालिकांनी शाळकरी मुलांना वाटण्यासाठी केलेल्या मेडल्सवर २६ जून आहे. छातीवर लावायच्या अधिकृत मेडलवरही २६ जूनच राहिलं! रॉयल मिंटच्या स्मारक-मेडलवर मात्र ९ ऑगस्ट. दोन्ही तारखांची एकेक शेजारी ठेवली की गोष्ट पूर्ण. जूनवालं कुठल्याही कार बूट सेलमध्ये मिळेल.

दुसरं, नेपोलियनचं. त्याने इंग्लंडवर स्वारी करायची तयारी केली आणि विजयाचं मेडल आधीच करायला घेतलं, त्यावर फ्रेंचमध्ये 'लंडन येथे ठोकले, १८०४'. स्वारी झालीच नाही. मूळ मिळणं कठीण, पण इंग्लंडमध्ये त्याच्या प्रती काढल्या गेल्या.

आणि इंग्लंडच्या गादीवरून हटवलेल्या स्टुअर्ट घराण्याचा शेवटचा, कार्डिनल हेन्री. १७८८ मध्ये थोरला भाऊ चार्ल्स वारल्यावर त्याने स्वतःला नववा हेन्री म्हणवणारं मेडल काढलं. मजकूर असा, की माणसांच्या इच्छेने नव्हे, ईश्वराच्या इच्छेने राजा. इंग्लंडच्या गादीवर नववा हेन्री कधी बसलाच नाही.

देवरुखकर
हे मात्र मी घरातही ठेवीन.

गवतीचहा
मंडळी, काय सुंदर विषय दिलात! आत्ताच नवऱ्याला ब्लासची गोष्ट सांगितली, तोही म्हणाला हेच कर. म्हणजे एडवर्डचं दुर्मिळ नसलं तरी घ्यायला हरकत नाही तर. यात लुसिटानिया (जर्मन पाणबुडीने बुडवलेलं इंग्रजी प्रवासी जहाज) येईल का? एका टेबलावर पुठ्ठ्याच्या डबीत लोखंडी मेडल आहे, बुडणारं जहाज आणि खिडकीत सांगाडा तिकिटं विकतोय.

नाणेघाट
घटना घडलेली आहे, पण तारीख चुकलेली, म्हणून चुलत भाऊ म्हणून घ्या. मूळ मेडल म्यूनिकच्या कार्ल गोएट्झचं. जहाज बुडालं ७ मे १९१५ ला, त्याच्या मेडलवर ५ मे पडली. इंग्रजांनी लगेच म्हटलं, बघा, जर्मनांनी आधीच ठरवलेलं होतं! गोएट्झने तारीख दुरुस्त करून पुन्हा काढलं, पण तोवर इंग्लंडने चुकीच्या तारखेच्याच लाखो प्रती काढून डबीत घालून जखमी सैनिकांच्या मदतीसाठी विकल्या होत्या. तुमच्याकडचं बहुतेक त्यातलंच. जर्मन मेडलवर महिना जर्मन स्पेलिंगने, शेवटी 'आय', इंग्रजी प्रतीवर शेवटी 'वाय'. ते बघा. डबीत छापील कागद असेल तर जास्त द्या, नसेल तर घासाघीस करा. लोखंडी आहे, दमट जागी ठेवू नका. तुमच्या हवेला सिलिका जेलची पुडी हवीच, आणि ती मऊ प्लॅस्टिकची पाकिटं वापरू नका, त्यातल्या पीव्हीसीने हिरवा चिकटा सुटतो.

बोरकूट
माझ्या त्या हलक्या मेडलवर १८९७ च आहे. अ‍ॅल्युमिनियम. पुढच्या वेळी वजनकाटा घेऊन जाईन.

सह्याद्रीपुत्र
भारतातून बाहेर पाठवायचं असेल तर? काकांकडे काही आहेत, चुलतबहीण कॅनडाला नेणार म्हणते.

टांकसाळ
शंभर वर्षांहून जुनं असेल तर १९७२ चा पुरावस्तू कायदा आडवा येतो, खाजगी माणसाला अशा वस्तू देशाबाहेर नेता येत नाहीत. बॅगेत टाकून नेऊ नका, पुरातत्त्व खात्याकडे चौकशी करा. नाहीतर इथेच राहू द्या, नाशिकजवळ अंजनेरीला नाणेशास्त्राची संस्था आणि संग्रहालय आहे, तिथे निदान दाखवून तरी या.

शेवगा
नवीन सभासद आहे, धागा उशिरा वाचला. आजोबांच्या पेटीत १९११ च्या दिल्ली दरबाराचं मेडल आहे. एका बाजूला राजा-राणी, दुसऱ्या बाजूला उर्दूसारखी अक्षरं. निळं रिबन, मधे दोन लाल रेघा. कडेवर नाव नाही म्हणून नकली म्हणाला एक जण.

टांकसाळ
कडेवर नाव नसणं बरोबरच आहे, ती बिननावाचीच दिली होती. अक्षरं फारसी आहेत. सोन्याची मोजकी संस्थानिकांना, बाकीची चांदीची, सव्वीस हजारांच्या वर निघाली, त्यामुळे खरं असण्यात काही अडचण नाही. रिबनवर 'दिल्ली' लिहिलेली पट्टी आहे का बघा. ज्यांना लंडनच्या राज्याभिषेकाचं मेडल मिळालं होतं त्यांना दरबारचं वेगळं न देता तीच पट्टी देत, म्हणजे तुमच्याकडच्यावर ती नसायला हवी. आजोबा कुठल्या खात्यात होते त्याचे कागद पेटीत असतील तर ते मेडलसोबतच ठेवा. आणि रिबन मूळचं असेल तर मळकं असलं तरी धुवू नका.